एकशे सत्तेचाळीस कवडसे

सोमवार, दिनांक २१ मार्च १९९४. वेळ दुपारी तीन वाजून वीस मिनिटे. स्थळ मौजे बोरगोटा, जिल्हा भंडारा, येथील माझ्या राहत्या घराची ओसरी. या वेळी आणि या स्थळी गारपीट सुरू झाली व तीन वाजून एकतीस मिनिटांनी थांबली. ही नोंद मी मनगटावरील घड्याळ पाहून केलेली आहे. ती गारपीट अर्धा तास चालली असे सांगणारे लोक गावात अजूनही आहेत; त्यांच्याशी वाद घालण्याची माझी तयारी आजही आहे.

त्या अकरा मिनिटांतला पहिला वाद मात्र घरातच झाला. माझी पत्नी यमुना डोक्यावर पितळी परात धरून अंगणात धावली होती. तेथे बाजेवर तिने जुन्या लुगड्यांच्या हातभर लांबीच्या गोधड्या वाळत घातल्या होत्या. परातीवर गारांचा असा नाद उठत होता की तिचे शब्द माझ्यापर्यंत निम्मेच पोचत होते.

“अहो, घड्याळ काय पाहून राहिले जी! गोधड्या उचला!”

“वेळ नोंदवतो आहे.”

“कोण विचारणार आहे तुम्हाला वेळ?”

“विचारतील,” मी म्हणालो, आणि गोधड्या उचलायला धावलो. एक गार डाव्या कानशिलावर बसली. तिचा आकार मध्यम लिंबाएवढा होता.

गोधड्यांचे कारण सांगितले पाहिजे. आमची एकुलती मुलगी अर्चना नागपूरला दिलेली. तिला सातवा महिना संपत आला होता, आणि पहिल्या बाळंतपणासाठी तिला माहेरी आणून सोडायला विहीणबाई स्वतः शनिवारी येणार होत्या. यमुनेने तिच्यासाठी मागची खोली तीनदा सारवली होती. मुलीचे पहिले बाळंतपण आपल्या हातून व्हावे, एवढी एकच इच्छा ती गेले वर्षभर बोलून दाखवीत होती, आणि माझ्या आठवणीत तिने माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत.

गारा थांबल्यावर आम्ही आत गेलो. घर मातीच्या भिंतींचे, तीन खोल्यांचे, वर कवेलू म्हणजे कौले. मागच्या खोलीत उभे राहून यमुनेने वर पाहिले. छपराची अक्षरशः चाळण झाली होती. जमिनीवर फुटक्या कवेलूंचा खच पडला होता आणि त्यात गारा विरघळत होत्या.

मी प्रथम विजेचा मुख्य खटका बंद केला, कारण तारेवरून पाणी ओघळत होते. नंतर ओसरीच्या कडेचा एक वासा लोंबत होता, त्याच्याखालून कोणी जाऊ नये म्हणून दोरी बांधली. या दोन्ही गोष्टी योग्य होत्या आणि यमुनेनेही त्या मान्य केल्या. तिसरी गोष्ट मी केली ती अशी, की खडू आणून खोलीत पडलेल्या प्रत्येक मोठ्या तुकड्याभोवती रेघ ओढू लागलो.

“हे काय?”

“पंचनामा होईपर्यंत एकही तुकडा जागचा हलणार नाही.”

“अहो, शनिवारी पोरगी येऊन राहिली!”

“शनिवारला पाच दिवस आहेत. तलाठी उद्या येतील.”

मी एकतीस वर्षे दिवाणी न्यायालयात नोकरी केली आणि आदल्या जुलैत शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. एकतीस वर्षे मी वस्तूंना क्रमांक दिले, चिठ्ठ्या बांधल्या आणि लाखेच्या मोहरा लावल्या. वस्तू जागची हलवली म्हणून बुडालेले दावे माझ्या डोळ्यांसमोरून गेले होते. तेव्हा माझ्या स्वतःच्या घराच्या बाबतीत मी ढिलाई करणे शक्यच नव्हते.

मंगळवारी सकाळी कवेलू फेरणारा डोमाजी नेवारे आला. आमच्या भागात दर उन्हाळ्यात कवेलू उतरवून, फुटके वेगळे काढून छप्पर पुन्हा लावतात, त्याला फेरणे म्हणतात. या कामात डोमाजीचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. त्याने खोलीत डोकावून पाहिले, खडूच्या रेघा पाहिल्या, आणि तो दारातच थबकला.

“साहेब, इथं कोनी मेलं का जी?”

“कोणी मेलेले नाही. पुरावा आहे.”

“बरं. एका दिवसाचं काम हाय. तुमच्या गोठ्यावरचे कवेलू झाडाखाली साबूत हायेत, ते इकडं चढवतो. आज सुरू करू?”

“पंचनाम्यानंतर.”

“पानी आलं तं?”

“मार्चमध्ये दोनदा येत नाही.”

डोमाजीने आकाशाकडे पाहिले, मग माझ्याकडे. “आकाशाला सांगितलं का तुमी?” असे विचारून तो पाटलांच्या घराकडे निघून गेला. गावातली सत्तर घरे फुटली होती, आणि हा एकच माणूस होता.

यमुनेने एक सूचना केली. बाजाराच्या गावाहून फोटोवाल्याला बोलवावे, सगळ्या खोल्यांचे फोटो घ्यावेत आणि कामाला लागावे. मी तिला समजावून दिले की छायाचित्र हा दुय्यम प्रतीचा पुरावा असून मूळ वस्तू उपलब्ध असताना त्याचा आधार घेणे योग्य नव्हे. तिने सर्व ऐकून घेतले आणि ओसरीवर मांडलेल्या चुलीवर भाकरी थापू लागली. त्या दिवशी मला भाकरी मिळाली. भाजी मिळाली नाही.

तलाठी मंगळवारी आले नाहीत. दरम्यान मी घराचा नकाशा काढला आणि ‘नैसर्गिक आपत्तीने झालेल्या हानीचे सविस्तर निवेदन’ या मथळ्याखाली सात पृष्ठे लिहिली. त्यातील पहिले वाक्य अकरा ओळींचे असून त्यात एकही शब्द काढण्याजोगा नव्हता, असे माझे मत होते.

बुधवारी दुपारच्या गाडीच्या कंडक्टरने चिठ्ठी आणून दिली. विहीणबाईंचे, म्हणजे नलिनीबाई साकुरे यांचे, ठसठशीत अक्षर. एका मोठ्या इस्पितळात पंचवीस वर्षे मेट्रन म्हणून काम केलेल्या त्या बाई. चिठ्ठीत चारच ओळी होत्या. गारपिटीचे पेपरात वाचले. शनिवारी ठरल्याप्रमाणे अर्चनाला घेऊन येत आहे. घर स्वतः पाहीन. मनाला पटले नाही तर संध्याकाळच्या गाडीने तिला परत नेईन, राग मानू नये.

यमुनेने चिठ्ठी वाचली, घडी केली आणि कमरेला खोचली.

“आता?”

“आता मी तलाठ्यांकडे जातो,” मी म्हणालो आणि सायकल काढली.

तलाठी रामटेके मला सहा किलोमीटरांवर एका हरभऱ्याच्या शेतात सापडले. अंगावरचा सदरा घामाने भिजलेला, मांडीवर कागद आणि भोवती वीस शेतकरी. मी माझे निवेदन पुढे केले. त्यांनी पहिले वाक्य वाचायला घेतले, मध्येच थांबून पाणी प्यायले आणि कागद परत दिला.

“शिरस्तेदारसाहेब, माझ्याकडे अकरा गावं आहेत. आधी शेतं, मग घरं. तुमचा नंबर सोमवारी लागेल.”

“सोमवारपर्यंत वस्तुस्थिती जशीच्या तशी ठेवायची?”

“जशीच्या तशी? कशाला? छपरावर काहीतरी टाका, काम सुरू करा. फुटके कवेलू एका कोपऱ्यात रचून ठेवा, शेजारच्या चार जणांना दाखवून ठेवा. मी येऊन पाहीन.”

“हे लेखी द्याल?”

तलाठ्यांनी पेन खाली ठेवले. “साहेब, तोंडी सांगितलं ना?”

“तोंडी आदेशाला आधार नसतो.”

त्यांच्याजवळ बसलेला एक शेतकरी म्हणाला, “शिरस्तेदार, तुमी घरी जा बापा. आमचा हरभरा तोंडीच मेला, त्यालेबी आधार नाई.” सगळे हसले, तलाठीही हसले. मी सायकलवर बसलो.

साक्ष लपवणे माझ्या स्वभावात नाही. घरी येऊन मी यमुनेला तलाठ्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

“म्हणजे सांगितलं त्यांनी दुरुस्त करायला!”

“सांगितले. लिहिले नाही.”



गुरुवारी दुपारी दोन वाजता पाऊस आला. पंचवीस मिनिटेच आला, पण छप्पर नावालाच उरल्यामुळे तो सरळ आत आला. खडूच्या रेघा पहिल्या दोन मिनिटांत गेल्या. मी पुरावा वाचवण्यासाठी छत्री घेऊन मागच्या खोलीत उभा राहिलो; पण एका छत्रीखाली फार तर चार तुकडे मावतात. मग एक आवाज झाला, ओल्या पोत्यावर पोते टाकावे तसा. खोलीच्या ईशान्य कोपऱ्यात भिंतीचा वरचा भाग, सुमारे दोन हात लांबीचा, आत कोसळला. अर्चनाची खाट तेथेच लागायची होती.

गारांनी भिंतीला काहीही केलेले नव्हते. हे मला स्वतःच्या नकाशावरून सिद्ध करता येत होते.

यमुना दारात उभी होती. ती रागावली नाही. तिने विचारले, “तुम्हाला कुठे लागलं तर नाही ना?” मी नाही म्हणालो. “मग बाहेर या,” ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता मी ओसरीवर बसलो असता अंगणात चार बाया आणि डोमाजी उभे दिसले. शेजारच्या सत्तरीच्या कवसाबाई, बांगड्या विकणारी रहमतबी, आणि समोरच्या घरातल्या दोघी जावा. यमुनेने माझ्यासमोर कोरा ताव, शाईची दौत आणि टाक ठेवला.

“हे काय आहे?”

“पंच,” यमुना म्हणाली. “मोजून पाच. तुम्ही लिहा, आम्ही सांगतो.”

“असा पंचनामा अधिकाऱ्यावाचून होत नाही.”

“तलाठी काय म्हणाले होते? शेजारच्या चार जणांना दाखवा. मी पाच आणले. लेखी पाहिजे म्हणत होते ना तुम्ही? आता लिहा की.”

एकतीस वर्षांत प्रथमच मला प्रतिपक्षाच्या म्हणण्यात खोट सापडेना. मी टाक शाईत बुडवला आणि वर लिहिले: दिनांक, वेळ, स्थळ.

“लिवा,” कवसाबाई म्हणाल्या, “घराची चाळनी झाली.”

“चाळणी हे प्रमाण नव्हे, कवसाबाई. किती छिद्रे, ते सांगा.”

“वर चढून मोजू का या वयात?”

“मोजल्यावाचून मी लिहिणार नाही.”

“मग डोकं खाली घालून मोजा ना, भाऊसाब,” रहमतबी म्हणाली. “वर कशाला पाहता?”

ती जमिनीकडे बोट दाखवीत होती. बाहेर लख्ख ऊन पडले होते, आणि मागच्या खोलीच्या ओल्या जमिनीवर जितकी छिद्रे तितके कवडसे उतरले होते. रुपयाएवढे, बशीएवढे, काही नुसते टिकलीएवढे. मी इतके दिवस तुकडे मोजत होतो. छिद्रे मोजण्याचे हे साधन दररोज माझ्या पायाखाली येऊन पडत होते.

यमुनेने सुपात हरभरे आणले. प्रत्येक कवडशावर एक हरभरा ठेवायचा, म्हणजे एकही दोनदा मोजला जाणार नाही, असे ठरले. बाया वाकून कामाला लागल्या.

“एक हरकत आहे,” मी म्हणालो. “सूर्य सरकतो. मोजणी पूर्ण होण्यापूर्वी कवडसे हरभऱ्यांवरून निघून जातील.”

“तं तुमी तेवढा वेळ गप राहा,” कवसाबाई म्हणाल्या, “म्हंजे लवकर होते.”

मोठी जाऊ हसता हसता भिंतीला टेकली. डोमाजीने तिला तत्काळ दूर केले. “त्या कोपऱ्याला हात लावू नका, बाई. ती भित अजून ओली हाय.” मी तेही लिहिले. “भित कशानं पडली ते लिवा ना,” असे धाकटी जाऊ म्हणाली तेव्हा यमुना हरभरे निवडू लागली, जणू ते निवडलेले नव्हतेच.

मी लिहिले: ‘ईशान्य कोपऱ्यातील भिंत गारपिटीने नव्हे, तर छप्पर वेळीच न झाकल्यामुळे गुरुवारच्या पावसाने पडली. विलंब घरमालकाचा.’ आणि मोठ्याने वाचून दाखवले.

“असं नाई लिवलं तरी चालते, साहेब,” डोमाजी हलक्या आवाजात म्हणाला.

“न चालायला काय झाले? खरे आहे.”

तीन खोल्यांचे हरभरे ओंजळीत गोळा करून मी स्वतः मोजले. एकशे सत्तेचाळीस. रहमतबीने उर्दूत सही केली, दोघी जावांनी मराठीत, कवसाबाई आणि डोमाजी यांनी अंगठे उठवले. पुढे सोमवारी तलाठी आले तेव्हा त्यांनी हाच कागद आपल्या पंचनाम्याला जोडून घेतला आणि माझी सात पृष्ठे मला परत केली. पण तो सोमवार अजून दूर होता.

शेवटचा अंगठा उठताच डोमाजीने पायजमा वर खोचला. “आता तं हलवू द्याल?”

“हलवा,” मी म्हणालो.

पाटलांचे छप्पर अर्धे सोडून तो आमच्याकडे आला होता, हे मला तेव्हा कळले. पाटलांच्या सूनबाईंना यमुनेने काय सांगितले ते आजही ठाऊक नाही. गोठ्यावरचे साबूत कवेलू हातोहात उतरले, बायांची रांग लागली, आणि त्या रांगेत सहाव्या क्रमांकावर मी उभा होतो. कवसाबाई मला कवेलू देताना प्रत्येक वेळी “सांभाळून, पुरावा हाय” असे म्हणत. फुटके तुकडे अंगणाच्या कडेला रचले गेले. कोसळलेल्या कोपऱ्याला सागाचा टेकू लागला. दिवस मावळण्यापूर्वी छप्पर बसले. फक्त त्या कोपऱ्याला डोमाजीने दोरी बांधली आणि भिंत पूर्ण वाळेपर्यंत तेथे कोणी झोपू नये, असे बजावले.

शनिवारी साडेअकराच्या गाडीने विहीणबाई उतरल्या. मागून अर्चना, एका हाताने पोट आणि दुसऱ्या हाताने गाडीचा दांडा धरून. यमुनेने भाकरतुकडा ओवाळून टाकला. अर्चना माझ्याकडे पाहून म्हणाली, “बाबा, कानशिलाला काय झालं?” मी गारेचा आकार सांगणार होतो, तोच विहीणबाई चपला काढून सरळ आत शिरल्या.

त्यांनी मागच्या खोलीत मधोमध उभे राहून दार लावून घ्यायला सांगितले. अंधार झाला. त्यांनी मान वर करून छपराचा हातहात भाग पाहिला. कोठे उजेड दिसेना.

“पाणी मारा वरून,” त्या म्हणाल्या.

डोमाजी शिडीवर चढून घागरीमागून घागर ओतू लागला. आठवी घागर रिती झाली तरी आत थेंब आला नाही. त्यांनी तारा पाहिल्या, आणि त्या कोरड्या झाल्यावरच खटका चालू केला का, ते विचारले. मी होय म्हणालो. त्यांनी नवे सारवण पायाने दाबून पाहिले. मग त्यांचे लक्ष दोरीकडे गेले.

“हा कोपरा?”

यमुनेने माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मला पूर्ण समजले. तिचा वर्षभराचा हट्ट आता माझ्या एका वाक्यावर येऊन थांबला होता.

“ओल आली आहे जरा,” ती चटकन म्हणाली. “गारा मोठ्या होत्या ना, विहीणबाई.”

“गारांनी नाही,” मी म्हणालो. “माझ्यामुळे.”

“अहो...”

“छप्पर मंगळवारीच झाकता आले असते. माणूस दारात आला होता. तलाठ्यांनीही सांगितले होते. मी पुरावा म्हणून सर्व तसेच ठेवले, गुरुवारी पाऊस आला आणि भिंत पडली. वस्तू हलवल्याने काय बुडते ते मी आयुष्यभर पाहिले होते, विहीणबाई. न हलवल्याने काय बुडते ते पाहिले नव्हते. भिंत वाळायला तीन आठवडे लागतील. तोवर खाट पश्चिमेच्या भिंतीला लागेल. सगळे यात आहे.”

मी पंचनाम्याची नक्कल त्यांच्या हाती दिली. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्यानेच वाचू लागल्या. ओसरीवर कवसाबाई, रहमतबी आणि दोघी जावा येऊन बसल्या होत्या. अर्चना दारात उभी राहून पदराचे टोक चावत होती. ती पाच वर्षांची असतानाही निकालाच्या दिवशी असेच करी.

एका ठिकाणी विहीणबाई हसल्या.

“‘विलंब घरमालकाचा’ हे तुम्ही स्वतः लिहिलंत?”

“होय.”

“यमुनाबाईंनी लिहायला लावलं नाही?”

“मी तं लपवत होते,” यमुना म्हणाली. “पोरगी परत जाईल म्हणून.”

विहीणबाईंनी कागदाची घडी घातली. एकदा छपराकडे, एकदा दोरीकडे पाहिले. मग पश्चिमेच्या भिंतीपाशी गेल्या, तिच्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. तेथून वळल्या, आणि बाहेर उभ्या असलेल्या सुनेला त्यांनी हाक मारून सांगितले:

“अर्चना, पिशवी आत आण. घर चांगलं आहे.”